पडलेला चिमटा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात सीताबर्डी, नागपूर येथे दिलेले व्याख्यान)



बक्षीस-समारंभाच्या दिवशी पाहुण्याने थोडक्यात बोलावे हे मला कळते. मुलांचे लक्ष टेबलावरच्या कपांकडे आहे आणि आयांचे लक्ष मुलांकडे. तरीही सेक्रेटरी साहेबांनी मला बजावले आहे की, "तुमचे आयुष्य प्रयोगशाळेत गेले, त्यातले काही आमच्या मुलांच्या उपयोगी पडेल असे सांगा." तेव्हा आज मी एका विशेष प्रकारच्या प्रयोगशाळेविषयी बोलणार आहे. जिथे जीवघेण्या रोगांचे जंतू कडेकोट बंदोबस्तात ठेवून त्यांचा अभ्यास होतो, अशी ही प्रयोगशाळा. तिथे माणसे कशी तयार करतात आणि त्यांचा प्रमुख कसा असावा लागतो, हा माझा विषय आहे.

आपण म्हणाल, बर्डीवरच्या या सभागृहात हा विषय कशाला? त्याचे उत्तर आपल्या नागपुरातच आहे. १९६५ साली या शहरात तापाची मोठी साथ आली होती. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा दोन नमुन्यांत एक निराळाच विषाणू सापडला. त्याला इथल्याच चांदीपुऱ्याचे नाव दिले गेले. पुढे २००३ साली आंध्र प्रदेशात आणि २०२४ साली गुजरातेत मुलांच्या मेंदूज्वराच्या साथीत हाच चांदीपुरा विषाणू आढळला. वाळूमाशी चावल्याने तो पसरतो. जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत आपल्या मुलुखाचे नाव असे रोगाच्या पानावर आहे.

दुसरी गोष्ट कोविडच्या काळातली. कोवॅक्सिन ही लस माणसांना देण्यापूर्वी ती माकडांवर तपासायची होती. लॉकडाऊनमध्ये माकडे मिळेनात. शेवटी वन खात्याच्या मदतीने २० माकडे नागपूरच्या परिसरातून पकडून पुण्याला नेली, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तेव्हाचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव यांनी 'गोइंग व्हायरल' या आपल्या पुस्तकात नमूद केले आहे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वन हेल्थ या संस्थेची कोनशिला बसली. माणसांचे रोग आणि जनावरांचे रोग यांचा एकत्र विचार करणारी ही राष्ट्रीय संस्था आहे. म्हणजे हे काम आता आपल्या दाराशी आले आहे, आणि त्याला लागणारी माणसे कुठून तरी यायचीच आहेत. ती आपल्या घरांतून का येऊ नयेत?

आता ही प्रयोगशाळा असते कशी ते थोडक्यात सांगतो. जंतू किती घातक यावरून प्रयोगशाळांच्या चार पायऱ्या केल्या आहेत. पहिल्या पायरीवर शाळा-कॉलेजातले साधे काम चालते. दुसरीवर रक्त-लघवी तपासण्याचे. हवेतून शिरणाऱ्या क्षयासारख्या रोगांचे जंतू वाढवायचे तर तिसरी पायरी लागते. आणि ज्यांच्यावर बहुधा लसही नाही आणि खात्रीचे औषधही नाही, अशा प्राणघातक विषाणूंसाठी चौथी. आपल्या देशात पुण्याच्या पाषाण भागात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये अशी चौथ्या पायरीची प्रयोगशाळा सुरू केली.

तिथे हवा नेहमी बाहेरून आत वाहते, आतून बाहेर नाही. बाहेर सोडायची हवा अशा गाळणीतून जाते की ०.३ मायक्रॉन आकाराचे कणसुद्धा शेकडा ९९.९७ अडतात. एक दार उघडे असेल तर दुसरे उघडत नाही. कचरा दाबाच्या वाफेत शिजवल्याखेरीज बाहेर पडत नाही. मोरीचे पाणीही आधी निर्जंतुक होते. माणूस हवा भरलेला अंगभर पोशाख घालतो, आणि बाहेर येताना त्या पोशाखावरच औषधी फवाऱ्याची आंघोळ करतो.

एवढे ऐकल्यावर वाटेल की, अशा किल्ल्यातून काय बाहेर येणार? पण मित्रांनो, आपण बर्डीच्या किल्ल्याखाली राहणारी माणसे आहोत. किल्ला भिंतींनी राखला जात नाही, आतल्या माणसांनी राखला जातो, हे आपल्याला निराळे सांगायला नको. प्रयोगशाळेचेही तेच आहे.

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळला त्यांची प्लेग रिसर्च लॅबोरेटरी उभी राहिली. आज तिलाच आपण हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो. तिथून लाखो लोकांसाठी लस जाऊ लागली. मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ लोकांना लस टोचली, आणि त्यातली १९ माणसे काही दिवसांत धनुर्वाताने मेली. ती १९ माणसे एकाच बाटलीतली लस घेतलेली होती.

दोष कोणाचा? चौकशी बसली आणि बोट परळच्या प्रयोगशाळेकडे वळले. हाफकिन यांना पदावरून दूर केले. ज्याच्या लसीने असंख्य माणसे वाचली तो माणूस वर्षानुवर्षे हा कलंक घेऊन फिरला. मग हळूहळू एक साधी बाब जगापुढे आली. त्या दिवशी गावात बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपण जाणताच. नामवंत शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू घेतली, आणि १९०७ साली त्यांच्यावरचा ठपका दूर झाला. म्हणजे पाच वर्षे लागली.

विचार करा. चिमटा पडायला किती वेळ लागतो? एक पळ. "साहेब, चिमटा पडला, दुसरा घेतो" एवढे म्हणायला? आणखी एक पळ. तो दुसरा पळ गेला आणि १९ घरे उजाड झाली. मी त्या मदतनिसाला दूषण देत नाही. समोर रांग लागलेली, गावात प्लेगची दहशत, वर साहेबांची घाई. त्याला कोणी शिकवले होते का, की अशा वेळी थांबायचे असते? आणि तो थांबला असता तर त्याला शाबासकी मिळाली असती की बोलणी?

हा प्रश्न मी दुसऱ्याच्या गोष्टीवरून विचारत नाही, स्वतःवरून विचारतो. माझे अब्बा मोमिनपुऱ्यात मागावर बसत. मी शिकलो आणि एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून लागलो. रुग्णालयाचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. क्षयरोग्यांची थुंकी तपासण्याचे काम होते. नळ्या यंत्रात घालून गरगर फिरवायच्या. आतली नळी फुटली तर झाकण उघडायचे नाही, खोली सोडून बाहेर यायचे, अर्धा तास थांबायचे, वरिष्ठांना सांगायचे, हा नियम मला पाठ होता. एके दिवशी यंत्रात कड् असा आवाज झाला. खोलीत माझे दोन सोबती काम करत होते. पण त्याच्याच आधल्या महिन्यात काचेची एक नळी फोडली म्हणून एका पोऱ्याचा पगार कापला गेला होता. मी चटकन झाकण उघडले, कापसाने काचा पुसून घेतल्या, कचऱ्यात टाकल्या आणि कोणालाही सांगितले नाही.

पुढचे कित्येक महिने त्या दोघांपैकी कोणी खोकला की माझ्या पोटात गोळा येई. एकाच्या घरी तान्हे मूल होते. सुदैवाने कोणाला काही झाले नाही. पण एका नळीची किंमत वाचवायला मी तीन माणसांचे आणि एका तान्ह्या जिवाचे मोल लावले होते, ही गोष्ट आजही माझ्या मनातून गेलेली नाही. पुढे मी स्वतः एका विभागाचा प्रमुख झालो, तेव्हा दरवर्षी नव्या मुलांना पहिल्या दिवशी मी हीच हकिकत सांगत असे. नियमांची वही त्यानंतर देत असे.

जगातही असेच घडले आहे. २००३ साली सार्स या रोगाची साथ आटोक्यात आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तैवानमधल्या कडेकोट प्रयोगशाळेत एका अनुभवी शास्त्रज्ञाने सांडलेला संसर्गजन्य कचरा घाईने स्वतःच पुसला आणि तो परिषदेसाठी सिंगापूरला निघून गेला. परतल्यावर त्याला ताप आला, तरी काही दिवस तो घरीच राहिला. तो बरा झाला आणि दुसऱ्या कोणाला लागण झाली नाही, हे नशीब. २००४ साली बीजिंगमध्ये नशीब असे नव्हते. तिथल्या प्रयोगशाळेत विषाणू मारून मग साध्या खोलीत त्यावर काम चाले. पण तो खरोखर मेला की नाही याची पुरती खात्री केलेली नव्हती. तिथे काम करणारी एक विद्यार्थिनी आजारी पडली. तिची शुश्रूषा तिच्या आईने केली. एकूण ९ जणांना लागण झाली आणि एकच मृत्यू झाला, तो त्या आईचा.

आपल्या देशालाही हा धडा मिळाला आहे. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोग्याच्या जंगलात माकडे मरू लागली आणि क्यासनूर जंगल रोगाचा शोध लागला. पुण्याच्या त्या वेळच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये त्यावर काम सुरू झाले. तेव्हा आजच्यासारखी साधने नव्हती, आणि काम करणाऱ्यांपैकी अनेकांना त्याच रोगाची लागण झाली. आज पाषाणची जी इमारत उभी आहे, तिच्या पायात त्या लोकांचे आजारपणही आहे, हे विसरू नये.

मग अशा ठिकाणी माणूस तयार कसा करतात? पहिली गोष्ट, पदवी पाहून कोणालाही एकदम आत सोडत नाहीत. आधी वाचन, मग रिकाम्या खोलीत सराव. पोशाख चढवणे-उतरवणे हे पुन्हा पुन्हा करून घेतात, कारण बहुतेक घात उतरवताना होतो. वुजू करताना आपण क्रम चुकवत नाही ना? तसाच इथेही क्रम ठरलेला आहे, आणि तो थकलेला माणूस अर्धवट शुद्धीतही चुकणार नाही इतका अंगवळणी पडावा लागतो. जंतूंऐवजी निळ्या दिव्याखाली चमकणारी पूड वापरतात. काम संपल्यावर दिवा लावला की आपल्याच कोपरावर, मानेवर ती पूड चमकते आणि चांगल्या चांगल्यांची घमेंड उतरते. मग जाणत्याच्या सोबतीने काम, मग जाणत्याच्या देखरेखीखाली, आणि अखेरीस परवानगी. तीही कायमची नसते, सराव पुन्हा पुन्हा होतोच. एकटा माणूस आत जात नाही, जोडीदार असतोच. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवत नाहीत. कामावर घेताना रक्ताचा नमुना राखून ठेवतात आणि साधा ताप आला तरी कळवावे लागते.

हे शिक्षण फक्त शास्त्रज्ञांचे नसते. झाडणारा, कपडे धुणारा, हवेची यंत्रे सांभाळणारा मिस्त्री, पहारेकरी, सर्वांना ते द्यावे लागते. शास्त्रज्ञाने केलेली चूक एका टेबलावर राहील, पण गाळणी बदलायला विसरलेल्या मिस्त्रीची चूक सगळ्या गावभर जाईल.

आता प्रमुखाविषयी. अशा प्रयोगशाळेचा प्रमुख विद्वान असावा हे खरेच, पण त्याची परीक्षा निराळी आहे. त्याच्यासमोर सर्वांत धाकटा मदतनीस उभा राहून "साहेब, माझा हातमोजा फाटला" असे न अडखळता म्हणू शकतो का? आणि त्याहून मोठी परीक्षा म्हणजे "साहेब, तुमचा हातमोजा फाटला आहे, बाहेर या" असे तो म्हणू शकतो का? जो प्रमुख चूक कळवणाऱ्याला शिक्षा करतो, त्याच्या प्रयोगशाळेत चुका कमी होत नाहीत, चुकांच्या बातम्या तेवढ्या कमी होतात. त्याला वाटते सारे आलबेल आहे. चांगला प्रमुख झालेली चूक आणि होता होता राहिलेली चूक, दोन्ही वहीत लिहून घेतो. कोणी केली याच्याआधी का झाली हे विचारतो. मुद्दाम नियम मोडणाऱ्याला तो सोडत नाही, पण प्रामाणिक चुकीला आणि लपवालपवीला एका मापाने मोजत नाही. तो स्वतः रांगेत उभा राहून पोशाख चढवतो. माणसे थकली की काम थांबवतो. माकडांवरच्या त्या चाचणीच्या वेळी पुण्याच्या लोकांनी अन्नपाण्याविना दहा-दहा, बारा-बारा तास आत काढले असे भार्गव लिहितात. त्यांच्या निष्ठेला सलाम करावा. पण रोजच्या कामात माणसावर अशी पाळी येऊ न देणे, हेच प्रमुखाचे कर्तव्य आहे.

माझे अब्बा म्हणत, "धागा तुटला की माग थांबव. तुटलेला धागा विणून टाकशील तर आज कोणाला दिसणार नाही, पण बाजारात थान उलगडले की तुझी अब्रू जाईल." प्रमुख कसा असावा याविषयी मी पुढे खूप वाचले. यापलीकडचे त्यात मला फारसे काही सापडले नाही.

पालक मला दोन-तीन प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे सरळ देतो. पहिला, हे काम जिवावरचे नाही का? धोका आहे, पण नियमाने चालणाऱ्या प्रयोगशाळेत तो बांधलेला असतो. बांधलेला नसतो तो बाहेर. २०११ च्या जानेवारीत अहमदाबादजवळ क्रायमियन-काँगो ताप आला, तेव्हा काय आहे ते कळण्यापूर्वी रुग्णाची सेवा करणारे डॉक्टर आणि परिचारिका मृत्युमुखी पडले. २०१८ मध्ये केरळात निपाह आला, तेव्हा रुग्णांची सेवा करणाऱ्या लिनी नावाच्या नर्सने प्राण गमावले. रोगाचे नाव लवकर कळावे म्हणूनच तर पुण्यातली माणसे तो पोशाख चढवतात. ३० जानेवारी २०२० रोजी देशातला पहिला कोविड रुग्ण तिथल्याच तपासणीने ठरला.

दुसरा प्रश्न दाढीचा. तोंडावर घट्ट बसणाऱ्या मुखपट्टीला दाढीमुळे फट राहते, आणि फटीतून जंतू शिरतो, हे खरे आहे. पण डोक्यावरून सैल घालायचे, गाळलेली हवा पुरवणारे साधन असते, आणि अंगभर पोशाखात तर ही अडचणच येत नाही. आपण आधी सांगावे, प्रमुखाने सोय पाहावी. रोजा असो की एकादशी, त्या दिवशी पोशाखात घाम गाळत तासन्‌तास काम करण्यापेक्षा बाहेरचे काम मागून घ्यावे. सांगण्यात संकोच नको, लपवण्यात धोका आहे. तिसरा प्रश्न मुलींचा. तिथे पोशाख अंगभर आणि सर्वांना सारखा असतो. नेटकेपणा आणि धीर हे या कामाचे भांडवल आहे, आणि ते आपल्या मुलींकडे कमी आहे असे मला बक्षिसांच्या यादीवरून तरी वाटत नाही.

विद्यार्थ्यांनो, या वाटेला जायला सर्वांनी डॉक्टरच व्हावे असे नाही. बारावी विज्ञानानंतर प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा डिप्लोमा आहे. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी आहे. आपल्या शहरात पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिकडे आपली मुले फार कमी वळतात. आय.टी.आय.मध्ये वातानुकूलन शिकलेल्या मुलाला हवेचा दाब राखण्याचे काम आहे. गणित, रसायन आणि इंग्रजी पक्के करा, आणि वही स्वच्छ लिहा. हसू नका. प्रयोगशाळेत न लिहिलेली गोष्ट घडलीच नाही असे मानतात.

आता शेवटचे सांगायचे ते पालकांना आणि गुरुजनांना. अशा कामाला लागणारा मुख्य गुण कोणत्याही कॉलेजात मिळत नाही. चूक झाल्याबरोबर ती स्वतःहून सांगण्याची हिंमत, ती घरात तयार होते. घरात काचेचा ग्लास फुटतो. आपण ओरडतो, "कोणी फोडला?" आणि हात उगारतो. त्या दिवशी मूल ग्लास जपायला शिकत नाही, तुकडे पलंगाखाली सारायला शिकते. मग अनवाणी अम्मीच्या पायात काच जाते. शाळेत उत्तर चुकले की वर्ग हसतो, आणि मूल पुढच्या वेळी हात वर करत नाही. तेच मूल उद्या विषाणूची नळी हातात धरणार आहे. ती फुटली तर ते सांगेल का?

म्हणून माझी विनंती एवढीच की, मुलाने येऊन "माझ्याकडून झाले" म्हटले तर आधी म्हणा, "बरे केलेस, सांगितलेस." नुकसान भरून काढायला लावा, काचा त्याच्याकडून उचलून घ्या, पण सांगितल्याची शिक्षा देऊ नका. आज ज्यांना बक्षिसे मिळाली त्यांचे अभिनंदन. ज्यांना मिळाली नाहीत, त्यांच्यापैकी एखाद्याने या वर्षी आपली चूक गुरुजींना आपण होऊन सांगितली असेल. त्याच्यासाठी इथे कप ठेवलेला नाही. पण नागपुरातल्या त्या नव्या संस्थेच्या दारात उभे राहायची पहिली पात्रता त्याने मिळवली आहे, एवढे मी माझ्या अनुभवाने सांगतो.